नाना शंकरशेट प्रदर्शन : कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर

कार्यकारिणीचा होकार मिळाला. ग्रंथालयाच्या तळमजल्यावरचा वाचनकक्ष आपल्याला देणार. १४ फलक, अडीच बाय चार फूट. उद्घाटन १० फेब्रुवारीला, म्हणजे नानांच्या, जगन्नाथ शंकरशेटांच्या, जयंतीलाच.

विषय निघाल्याबरोबर जो तो एकेक 'पहिले' सांगायला लागला. पहिल्या आगगाडीतले प्रवासी, पहिल्या हिंदी जेपींपैकी (जस्टिस ऑफ द पीस) एक, कायदे कौन्सिलातल्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी एक. बघता बघता फळा भरला. यादी खोटी नाही, पण ती शाळाशाळांच्या भिंतींवर आधीच आहे, आणि ती वाचून माणूस काही हाती लागत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच. कंपनी सरकारच्या अमलात ना निवडणूक होती, ना पक्ष, ना मतदार. मग एका सराफाच्या मुलाने जवळजवळ ४० वर्षं या शहराचं राजकारण केलं ते कशाच्या बळावर?

शेवटी एवढं मान्य करून घेतलं की प्रत्येक फलकावर एकच गोष्ट ठळक दिसेल: त्या प्रसंगी नानांनी काय पुढे केलं? पैसा, जागा की सही? ग्रंथपाल मॅडमना पटलं. अध्यक्षांना 'पहिले'ची यादी हवीच आहे. ती प्रवेशदारापाशी लहान अक्षरात लावू.

२१ नोव्हेंबर

फलक १ आणि २, घराणं. आडनाव मुरकुटे, जात दैवज्ञ, मूळ वस्ती घोडबंदरची. अठराव्या शतकाच्या मध्याला घराणं मुंबईत आलं आणि व्यापारात स्थिरावलं. फोर्टातल्या जुन्या गनबाव स्ट्रीटचं नाव या घराण्यातल्या गणबाशेटवरून पडलं असं सांगतात. नानांचा जन्म १८०३ चा, मुरबाडचा. वडील शंकरशेट १८२२ मध्ये वारले तेव्हा नाना १९ वर्षांचे. पेढी, मिळकती, देणी-घेणी सगळं अंगावर आलं.

या फलकावर मला हवेलीचं चित्र नको, पेढी दाखवायची आहे. अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा, जडजवाहीर बँकेत ठेवण्यापेक्षा नानांकडे ठेवणं पसंत करत. हे वाक्य सगळ्या चरित्रांत येतं आणि सगळे ते 'केवढा विश्वास!' म्हणून सोडून देतात. त्याचा अर्थ नीट लावायला हवा. बँक ऑफ बॉम्बे निघाली १८४० मध्ये. त्याआधी परमुलुखातून बंदरात उतरलेल्या माणसाने ऐवज ठेवायचा कुठे? ज्याची पत आहे त्याच्या तिजोरीत. पत म्हणजे मागितल्या दिवशी, मागितला तेवढा ऐवज परत मिळणार ही खात्री. नानांचं पहिलं भांडवल हेच, आणि सरकारदरबारी त्यांच्या सहीला जी किंमत आली तिचं मूळही यातच आहे. गव्हर्नर बदलत राहिले, पेढी जागच्या जागी होती.

२६ नोव्हेंबर

फलक ३, शिक्षण. १८२२ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या आश्रयाखाली देशी शाळा आणि शाळापुस्तकं यांसाठी मंडळी उभी राहिली. सदाशिव काशीनाथ छत्रे तिचे देशी चिटणीस. तिचंच पुढे 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' झालं. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन निघाले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांवर वर्गणी जमवली आणि तिच्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. या सगळ्यात नाना अगदी तरुणपणापासून पुढे.

मजकूर छोटा ठेवतोय, कारण याची खरी गंमत फलक ८ वर आहे. बाळशास्त्री जांभेकर इथेच शिकवायचे. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी, नौरोजी फर्दुनजी सगळे याच शाळेत तयार झाले. शेटजींनी पैसा घालून शाळा काढली. तिच्यातून निघालेली पोरं ३० वर्षांनी शेटजींच्याच शेजारी खुर्ची टाकून बसली आणि अर्जात काय लिहायचं ते सांगू लागली.

मुलींच्या शाळेचाही उल्लेख इथेच करतोय. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' निघाली, तिने मुलींच्या शाळा काढल्या आणि गिरगावातल्या शाळेला नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. मुलींना शिकवणं म्हणजे घर बुडवणं असं उघड बोललं जायचं, तो हा काळ. देणगी देऊन लांब राहता आलं असतं. वाड्यात शाळा भरवायची तर रोज सकाळी सगळ्या आळीला दिसणार की पोरी कोणाच्या दारातून आत जातात. पैसा, जागा, सही यांत 'जागा' मी वेगळी का धरतो याचं उत्तर या एका उदाहरणात मिळतं.

३ डिसेंबर

फलक ४. सगळ्यात जास्त वेळ यालाच देणार, कोणी काही म्हणो.

१८४० मध्ये सरकारने शिक्षणाचं बोर्ड नेमलं. त्यावर हिंदी सभासद तीन: नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक कोकणी मुसलमान. अध्यक्षपदी पुढे सर अर्स्किन पेरी आले, मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. पेरींचं म्हणणं, सरकारकडे पैसा थोडा आहे तेव्हा तो इंग्रजी शिक्षणावर लावावा. वरचे थोडे शिकले की विद्या आपोआप खाली झिरपेल. नानांनी याला बोर्डात विरोध केला. इंग्रजी शिकायला त्यांची कधीच ना नव्हती, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनसाठी खपलेला माणूस तो. त्यांचा मुद्दा असा की परकी भाषा मूठभरांनाच साधणार. बहुजनांपर्यंत ज्ञान न्यायचं तर ते त्यांच्याच भाषेत, चांगली पुस्तकं तयार करून न्यावं लागेल. बाकीचे दोघे हिंदी सभासद नानांच्या बाजूला उभे राहिले, आणि त्यांच्या जोडीला एक इंग्रज, कर्नल जर्व्हिस. हे जर्व्हिस म्हणजे गणिताची आणि शिल्पशास्त्राची पुस्तकं मराठीत आणायला झटलेले इंजिनिअर. पेरी अध्यक्ष असूनही बोर्ड दुभंगलं आणि भांडण सरकारपर्यंत गेलं. निघालेली वाट दोघांचंही थोडं थोडं राखणारी होती. वरचं शिक्षण इंग्रजीत, खालचं देशी भाषांत.

आमचा मांडणी करणारा मुलगा म्हणाला, "सर, हे आजचंच वाटतंय." वाटू दे, पण फलकावर आजचं नाव नको. लोकांना आपसूक दिसेल. शिवाय हे भांडण मराठी विरुद्ध इंग्रजी एवढंच करून टाकलं तर मकबा आणि फ्रामजी गाळले जातात. गुजराती बोलणाऱ्या पारशाने नानांच्या बाजूने मत का दिलं, हा मला त्यातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो.

फलकाच्या मधोमध टेबल काढायचं, भोवती सात खुर्च्या, चार एकीकडे आणि तीन दुसरीकडे.

९ डिसेंबर

पायी फेरी. नाना चौकातून सुरुवात. चौकाला नाव नानांचं, डोक्यावर आकाशमार्गिकेचं लोखंडी कडं, खाली बस, टॅक्सी आणि ग्रँट रोड स्टेशनाकडे धावणारी माणसं. जवळच घराण्याचं भवानीशंकराचं देऊळ. पुजाऱ्यांनी सभामंडपातले लाकडी खांब दाखवले, फोटोला परवानगी दिली, गाभाऱ्याला नाही म्हणाले. पुढे गिरगावातून जगन्नाथ शंकरशेट रस्ता. टॅक्सीवाल्यांना तो फक्त 'जेएसएस रोड' म्हणून माहीत. एका दुकानदाराला विचारलं, जेएसएस म्हणजे काय हो? तो म्हणाला, "कुठलीतरी सोसायटी असेल." हे फलकावर जाणार.

फलक ५ नाटकगृहाचा. फोर्टातल्या मैदानावरचं इंग्रजांचं जुनं नाटकगृह कर्जात बुडालं आणि १८३५ मध्ये विकलं गेलं. देणी फिटून थोडी रक्कम उरली. नवं नाटकगृह बांधावं म्हणून अर्ज झाला, अर्जदारांत पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई आणि नाना. जागा नानांनी दिली, ग्रँट रोडला. १८४६ मध्ये नाटकगृह सुरू झालं. फोर्टातल्या साहेबांना रात्री एवढ्या लांब यायचं जिवावर येई. मग ते भरलं कोणी? विष्णुदास भावे सांगलीहून मंडळी घेऊन आले आणि १८५३ मध्ये इथे त्यांचे खेळ झाले. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही इथेच रंगमंचावर आली. इंग्रजांच्या नावाने मागितलेल्या नाटकगृहात मराठी आणि पारशी रंगभूमीने पाय रोवले. नानांनी हे आधीच ताडलं होतं का, ते मी लिहिणार नाही. जागा आपल्या वस्तीजवळची दिली, एवढं नकाशावर दाखवलं की पुरे.

१५ डिसेंबर

रेल्वे. याच्याशिवाय लोक आत येणार नाहीत, तेव्हा फलक ६ आणि ७ दोन्ही हिला. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ३ इंजिनं, ४०० च्या आसपास पाहुणे, २१ तोफांची सलामी. हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून एका ओळीत उरकतो.

उरलेली जागा आधीच्या दहा वर्षांना. १८४० च्या दशकात मुंबईच्या व्यापाऱ्यांना रेल्वे हवी होती ती ठाण्याला जायला नव्हे. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरून यायचा. वाटेत भिजायचा, धुळीने माखायचा, चोरीलाही जायचा. मँचेस्टरला कापूस हवा, मुंबईला दलाली हवी, मधे सह्याद्री उभा. १८४५ च्या सुमारास मुंबईत रेल्वेसाठी मंडळी जमली, तीत जमशेटजी आणि नाना होते. पुढे लंडनला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी झाली, १८४९ मध्ये तिला पार्लमेंटचा कायदा मिळाला आणि कंपनी सरकारने भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली. नफा बुडाला तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून! हेही फलकावर लिहायचं. आपल्या नायकाच्या कौतुकात हमीचा हिशेब दडपायचा नाही. बोर घाटाची चढण १८६३ मध्ये खुली झाली, म्हणजे आगगाडी सह्याद्री चढलेली नानांच्या हयातीतच पाहायला मिळाली.

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर लांब लेन्स लावून उभे राहिलो. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत दगडी मुखं आहेत, कंपनीशी नातं असलेल्या बड्या माणसांची. त्यांत जमशेटजी आहेत आणि नानाही. इमारत पुरी होईपर्यंत नानांना जाऊन २० वर्षं उलटली होती. लेन्समधून पगडीच्या घड्या आणि कबुतरांनी केलेली खराबी सारखीच स्पष्ट दिसते. रस्त्यावरून उघड्या डोळ्यांना काहीच कळत नाही. फलकावर मुखाचा मोठा फोटो आणि 'कुठे पाहाल' असा बाण.

जाता जाता: २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्यायचं ठरवलं, आणि खालच्या भुयारी मेट्रोच्या स्टेशनाला ते मिळालंही. नानांची कंपनी म्हणजे आजची मध्य रेल्वे. मुंबई सेंट्रल उभारलं १९३० मध्ये, ते बीबीसीआय या दुसऱ्याच कंपनीने, आजच्या पश्चिम रेल्वेने. नाना चौकापासून जवळ म्हणून नाव ठीकच आहे, पण हा तिढा रेल्वेवेड्या मुलांसाठी फलकाच्या कोपऱ्यात टाकतो.

२२ डिसेंबर

फलक ८, बॉम्बे असोसिएशन. २६ ऑगस्ट १८५२, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या दालनात सभा, अध्यक्षस्थानी नाना. सन्माननीय अध्यक्ष सर जमशेटजी, चिटणिसांत भाऊ दाजी आणि नानांचे चिरंजीव विनायकराव. वेळ का साधली? १८५३ मध्ये कंपनीच्या सनदेची मुदत संपत होती आणि पार्लमेंटात नव्या कायद्याचं काथ्याकूट होणार होतं. तोवर आपलं गाऱ्हाणं तिथे पोचायला हवं. अर्ज गेला. कारभारात हिंदी लोकांना जागा, कौन्सिलात प्रवेश, उधळपट्टीला आळा, मोठ्या पगारांच्या साहेबांविषयी तक्रार.

इथे 'सही' हा शब्द मोठ्या अक्षरात. मजकूर तयार करायला दादाभाई, भाऊ दाजी, नौरोजी फर्दुनजी यांसारखी शिकलेली तरुण मंडळी होती, पण त्यांच्या सहीला लंडनमध्ये कोण विचारणार? वर शेटजींचं नाव लागलं की तो अर्ज शहराचा होतो. उलट शेटजींना सांभाळायलाही खूप होतं. पेढ्या, ठेके, सरकारी मर्जी. भाषा कडक झाली तशी काही बडी मंडळी लवकरच बाजूला झाली. नाना राहिले. माझ्या मते नानांच्या राजकारणातला सगळ्यात धाडसाचा दिवस आगगाडीचा नव्हे, हा आहे. अध्यक्षांना हे पटलं नाही. "आगगाडीपुढे अर्ज कोण बघणार?" असं त्यांचं म्हणणं. फलकांचा क्रम बदलणार नाही एवढं मी सांगितलं.

६ जानेवारी

फलक ९, सन १८५७. हा फलक दोन उभ्या रकान्यांत करायचा.

डावीकडे: १८ जुलै १८५७, मुंबई विद्यापीठाचा कायदा. पहिल्या फेलोंची नावं कायद्यातच छापलेली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट.

उजवीकडे: त्याच वर्षी मुंबईच्या पोलिसांचे प्रमुख चार्ल्स फॉर्जेट नानांवर पाळत ठेवून होते. नानांचा बंडवाल्यांशी, थेट नानासाहेब पेशव्यांशी संबंध आहे अशी कुजबुज साहेब लोकांत होती. फॉर्जेट वेष पालटून फिरण्यात पटाईत. सोनापूरला गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपायांच्या बैठका होतात हे त्यांनीच शोधून काढलं, आणि १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं. नानांविरुद्ध मात्र काही निघालं नाही आणि ते निर्दोष ठरले.

चर्चा बरीच झाली. एका सभासदाला वाटतं, नाना आतून बंडवाल्यांना सामील होते असं सूचित करावं, लोकांना आवडेल. पुराव्याशिवाय नाही. मला तर आहे तेच जास्त बोलकं वाटतं. जवळजवळ ३५ वर्षं शाळा, रेल्वे, कॉलेज यांना हातभार लावून, कायद्यात नाव छापून येऊनही, नेटिव्ह शेटजीची राजनिष्ठा एका कुजबुजीने डळमळीत होत होती.

वगळलेला मजकूर: फॉर्जेटच्या बायकोच्या पत्रांचा एक उतारा कोणीतरी आणला होता. मूळ कुठलं ते कळेना, काढून टाकला.

१३ जानेवारी

फलक १०, सोनापूर. मरीन लाइन्सची स्मशानभूमी. ती तिथून हलवून शिवडीला न्यावी असा बेत निघाला. कारण आरोग्याचं. गिरगाव-भुलेश्वरच्या माणसाने प्रेत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जायचं! नानांनी लोकांची बाजू धरली आणि स्मशान जागेवर राहिलं. रेल्वे, विद्यापीठ या बड्या नावांपेक्षा साध्या मुंबईकराला नाना 'आपले' वाटले ते अशा कामांमुळे. छोटाच फलक, पण दाराशेजारी लावू.

२० जानेवारी

फलक ११ ते १३ एकदमच लिहून काढले, कारण शेवटची तीन वर्षं धावतातच. १८६१ च्या कायद्याने प्रांतांच्या कौन्सिलात बिनसरकारी हिंदी सभासद घ्यायची सोय झाली. १८६२ मध्ये नानांची नेमणूक. १९ नोव्हेंबर १८६२, भायखळ्याला राणीचा बाग खुला झाला आणि त्याच दिवशी शेजारच्या वस्तुसंग्रहालयाचा पाया घातला. त्यासाठी झटणाऱ्यांत डॉ. बर्डवूड, भाऊ दाजी आणि नाना. आज त्या संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव आहे.

मग अमेरिकेतलं यादवी युद्ध. तिकडचा कापूस बंद, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, शहरात रोज नवी कंपनी आणि रोज नवा शेअर. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या चिठ्ठीवर बँका पैसे देत होत्या. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि १ जुलैला, वायद्याच्या दिवशी, शहर पार कोसळलं. नाना वारले ३१ जुलैला. ज्या शहरात त्यांची पत उभी राहिली त्या शहराची पत धुळीला मिळाल्यावर एका महिन्याने. मांडणी करणाऱ्या मुलाला या फलकाची पार्श्वभूमी काळी हवी होती. मी नको म्हटलं. तारखा शेजारी शेजारी छापल्या की काळ्या रंगाची गरज नाही.

२८ जानेवारी

चित्रांचा वाद. नानांचं पगडी-शेल्यातलं जुनं चित्र काळंपांढरं आहे. कोणीतरी ते कॉम्प्युटरवर रंगवून आणलं, तजेलदार गाल, लालभडक पगडी. दिसतं छान. पण पगडी लाल होती हे ठरवलं कोणी? काळंपांढरंच छापायचं. एशियाटिक सोसायटीमधल्या संगमरवरी पुतळ्याचा फोटो मुख्य दारापाशी.

छपाई सनबोर्डवर, मॅट लॅमिनेशन. चकचकीत नको, ट्यूबलाइट अक्षरांवर पडते. पहिल्या नमुन्यात 'शंकरशेट', 'शंकरशेठ' दोन्ही आलंय, सगळीकडे पहिलंच ठेवा म्हणून छापखान्याला कळवलं.

३ फेब्रुवारी

फलक १४ वर अडलो होतो. कार्यकारिणीला शेवटी श्रद्धांजली हवी होती. मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, नानांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती. १९१२ च्या मॅट्रिकला ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले ते. दोन, महापालिकेची निवडणूक. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचं कॉर्पोरेशन झालं, त्यांतले ३२ करदात्यांनी निवडायचे. पहिली निवडणूक १८७३ मध्ये. नानांना जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांनी भूषवलेलं सरकारी पद नेमणुकीचं होतं, मत मागायला ते कधी कोणाच्या दारात गेले नाहीत आणि त्यांना जावंही लागलं नाही. यात नुसतं कौतुक वाचायचं की त्या व्यवस्थेची मर्यादाही, ते बघणाऱ्यावर सोडायचं.

दोन्ही मान्य झाल्या. अध्यक्षांची एक अट, देशमुखांचा फोटो वर आणि निवडणुकीचा तक्ता खाली. चालेल. फायली आज रात्री छापखान्यात जातील, ६ तारखेला फलक हातात, ८ ला टांगायचे. शिडी शेजारच्या शाळेकडून मागायची आहे, आणि दोऱ्यांसाठी हुक अजून आणलेले नाहीत.